शेवटचे पाच मिलिग्रॅम

बाळाला पाचवा महिना लागतो आणि लेकीला सासरी पाठवायचा दिवस ठरतो. झबली, दुपटी, अळिवाचे लाडू, बाळंतविडा, सगळं आठवणीनं बॅगेत भरलं जातं. एक वस्तू मात्र पुष्कळदा मुद्दाम मागे ठेवली जाते, ती म्हणजे आईच्या कपाटातलं गोळ्यांचं पाकीट. दुसऱ्या महिन्यात लेक रडरड करायची, बाळाला जवळ घेईना, रात्ररात्र छताकडे बघत पडायची, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या या गोळ्या. आता ती हसते, खाते, बाळाशी बोलते. "बरी झालीस ना? मग त्या डोक्याच्या गोळ्या तिकडे नकोत नेऊस. सासूबाईंनी बघितलं तर?" असं घरातलंच कुणीतरी, काळजीपोटीच, म्हणतं.

सासरी गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला गरगरायला लागतं. मळमळतं. रात्री भलभलती स्वप्नं पडतात. झटकन मान वळवली किंवा नजर फिरवली की डोक्यात क्षणभर वीज चमकल्यासारखं होतं. क्षुल्लक कारणावरून रडू येतं आणि चिडचिड आवरत नाही. घरचे म्हणतात, प्रवासाची दगदग झाली, जागरणं होतायत. तिला वाटतं, आजार परत आला, आता या गोळ्या जन्मभर सुटायच्या नाहीत. हे दोन्ही अंदाज चुकीचे असू शकतात. असं चित्र दिसलं की डॉक्टरांच्या मनात पहिली शंका येते ती गोळ्या एकदम बंद झाल्याची.

बाळंतपणानंतरच्या नैराश्याबद्दल आता मराठी घरांतून थोडं तरी बोललं जातं. उपचार सुरू कसे करावेत, यावर लेख येतात, डॉक्टरांची भाषणं होतात. ते थांबवायचे कसे, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. गोळी सोडणं हाही उपचाराचाच भाग आहे आणि तो सुरुवातीइतक्याच काळजीनं व्हायला हवा. तो घरच्यांच्या लाजेनं किंवा पाकीट संपल्यामुळे परस्पर उरकला जातो, तेव्हा एका बाईनं महिनोन् महिने कष्टानं मिळवलेलं बरेपण धोक्यात येतं.

आणि अशा बायका थोड्या नाहीत. भारतातल्या 38 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात 20 हजारांहून अधिक मातांची माहिती होती आणि बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण 22 टक्के निघालं. म्हणजे साधारण पाच बाळंतिणींमागे एक. त्यातल्या सगळ्यांना गोळ्यांची गरज नसते. सौम्य नैराश्यात समुपदेशन, झोप आणि घरच्यांचा हातभार यांनीही पुष्कळ फरक पडतो. मध्यम आणि तीव्र नैराश्यात मात्र सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटीन यांसारखी औषधं दिली जातात आणि ती उपयोगी पडतात.

या औषधांची दारूसारखी किंवा तंबाखूसारखी चटक लागत नाही. गोळीची तल्लफ येत नाही, तोच परिणाम मिळवण्यासाठी डोस वाढवत न्यावा लागत नाही. पण मेंदू औषधाच्या असण्याशी जुळवून घेतो. सेरोटोनिन हे रसायन परत शोषून घेणारी प्रथिनं ही औषधं अडवून धरतात. महिनोन् महिने ती अडलेली असताना बाकीची यंत्रणा त्या हिशेबानं स्वतःला लावून घेते. मग औषध एकाएकी काढलं की तिचा तोल जातो. "सवय लागत नाही, केव्हाही बंद करा" असं सांगणारा आणि "या गोळ्यांचं व्यसन लागतं, घेऊच नका" असं सांगणारा, दोघंही बाईचं नुकसानच करतात.

असा त्रास किती जणांना होतो यावर संशोधकांत बराच वाद झाला. 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त 2024 साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यात 79 अभ्यासांतल्या 21 हजार लोकांची माहिती तपासली गेली. औषध थांबवल्यावर 31 टक्के लोकांनी काहीतरी त्रास सांगितला. गंमत अशी, की ज्यांची फक्त औषध नसलेली साधी गोळी बंद झाली त्यांच्यातही 17 टक्क्यांनी त्रास सांगितला. म्हणजे खऱ्या अर्थानं औषधामुळे त्रास होणारे सहा-सात जणांत एक, आणि तीव्र त्रास होणारे शंभरात साधारण तीन. यातले बरेच अभ्यास थोड्या महिन्यांच्या उपचारांचे होते. वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांना जास्त त्रास होऊ शकतो, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो रास्त आहे. बाळंतिणीनं यातून एवढं घ्यावं, की बहुतेकींच्या गोळ्या फार त्रास न होता सुटतात, पण आपण कुठल्या गटात आहोत हे आधी कळत नाही. म्हणून सगळ्यांनीच सावकाश जायचं.

सावकाश म्हणजे किती? इथे अनेक डॉक्टरांचीही जुनी पद्धत कमी पडते. गोळी अर्धी करा, दोन आठवड्यांनी बंद करा, असं सर्रास सांगितलं जातं. मार्क हॉरोविट्झ या ऑस्ट्रेलियन मानसोपचार संशोधकानं स्वतः एस्सिटालोप्राम घेतलं होतं आणि ते सोडताना त्याला विलक्षण त्रास झाला. 2019 साली त्यानं लंडनच्या डेव्हिड टेलर यांच्याबरोबर एक निबंध लिहिला आणि मेंदूच्या स्कॅनमधून आधीच हाती आलेले आकडे नव्यानं मांडले. ते नीट पाहण्यासारखे आहेत.

सिटालोप्राम या औषधाच्या 40 मिलिग्रॅम डोसमुळे मेंदूतली ती प्रथिनं साधारण 86 टक्के अडतात. डोस निम्म्यावर, म्हणजे 20 वर आणला तरी अडलेल्यांचं प्रमाण 80 टक्के राहतं. 9 मिलिग्रॅमला 70 टक्के. साडेपाचच्या आसपास 60 टक्के. साडेतीनपेक्षाही थोड्या कमी डोसला 50 टक्के. दीड मिलिग्रॅमसारखा नगण्य वाटणारा डोससुद्धा 30 टक्के प्रथिनं अडवून धरतो. म्हणजे 40 वरून 20 वर येताना मेंदूला जेमतेम पाच-सहा टक्क्यांचा फरक जाणवतो, आणि पाचवरून शून्यावर येताना जवळजवळ साठ टक्क्यांचा. ज्या जिन्याच्या वरच्या पायऱ्या बोटभर उंचीच्या आणि शेवटची पुरुषभर, तो उतरण्यासारखं हे आहे. वरचा अर्धा जिना सहज उतरलो म्हणून धीर चेपतो आणि माणूस शेवटी पडतो.

"डोस कमी केला तेव्हा काहीच झालं नाही, पूर्ण बंद केल्यावर मात्र हाल झाले" असं बायका सांगतात, त्यामागचं कारण हे. इतर औषधांचे आकडे थोडे वेगळे, पण आलेखाचा बाक सगळ्यांचा असाच. त्यामुळे ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेच्या 2022 सालच्या मार्गदर्शनात प्रत्येक वेळी आधीच्या डोसच्या प्रमाणात घट करावी, आधी निम्म्यानं आणि डोस लहान झाल्यावर पाव भागानं, असं सुचवलं आहे. प्रत्येक पायरीवर मागचा त्रास शमला की मगच पुढे जायचं. कुणाला हे काही आठवड्यांत जमतं, कुणाला काही महिने लागतात.

आता प्रश्न येतो तो कारखान्यातून येणाऱ्या गोळीचा. सर्ट्रालीनची सर्वांत लहान सहज मिळणारी गोळी 25 मिलिग्रॅमची, एस्सिटालोप्रामची 5 ची. त्याखाली जायचं कसं? मेडिकलच्या दुकानात गोळी कापायचं छोटं कटर मिळतं. मध्ये खाच असलेल्या साध्या गोळ्यांचे त्यानं अर्धे आणि पाव भाग करता येतात. दिवसभर हळूहळू विरघळणाऱ्या, नावापुढे 'सीआर', 'एक्सआर', 'ईआर' अशी अक्षरं असलेल्या गोळ्या मात्र कापायच्या नाहीत. कापल्या तर औषध ठरलेल्या गतीनं सुटत नाही आणि एकदमच अंगात भिनू शकतं. पातळ औषधाचा पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारावं. नेदरलँड्समध्ये यावर एक सुंदर तोडगा काढला गेला. तिथे रोजचा डोस वेगळ्या पुडीत घालून त्या पुड्यांची लांब पट्टी बनवतात आणि पुडीगणिक डोस किंचित कमी होत जातो. रुग्णानं फक्त पुढची पुडी फाडायची. आपल्याकडे अशी पट्टी सहज मिळत असती तर किती घरांतला अंदाजपंचे कारभार वाचला असता!

आपल्याकडचा आणखी एक लाडका उपाय म्हणजे गोळी एक दिवसाआड घेणं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण सर्ट्रालीनचं रक्तातलं प्रमाण साधारण 26 तासांत निम्मं होतं. दोन दिवसांनी पुढची गोळी घ्यायच्या वेळी ते जेमतेम पाव भाग उरलेलं असतं. म्हणजे मेंदूला दर दोन दिवसांनी एक लहानसा धक्का. रोज थोडी कमी गोळी घेणं याहून कितीतरी बरं. फ्लुओक्सेटीन याला अपवाद, कारण ते आणि त्यापासून शरीरात तयार होणारा घटक आठवडेच्या आठवडे रेंगाळतात. त्यामुळे ते सुटतं सोपं, पण त्याचा त्रास झालाच तर तो उशिरा, दोन-चार आठवड्यांनीही उमटू शकतो आणि तोवर गोळीची आठवणही राहिलेली नसते.

भारतातल्या बाईनं तपासून बघायलाच हवी अशी एक गोष्ट आहे. पाकिटाच्या मागे औषधाचं नाव बारीक अक्षरात छापलेलं असतं. तिथे 'एस्सिटालोप्राम' एवढंच आहे की पुढे 'आणि क्लोनाझेपाम' असंही आहे? या दोन औषधांची एकत्र गोळी आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर लिहिली जाते. क्लोनाझेपाम हे झोपेचं, धडधड शमवणारं औषध. त्याची खरोखरीच सवय लागते आणि ते काही आठवडे सलग घेऊन एकदम तोडलं तर झोप पार उडते, हातपाय थरथरतात, क्वचित फिटसुद्धा येते. एकत्र गोळी बंद केली की दोन औषधं एकाच दिवशी बंद होतात आणि त्रास कशाचा हे कुणालाच कळत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाबतीत तर बाळ जास्त झोपाळलेलं आहे का, नीट ओढतंय का, याकडेही लक्ष ठेवावं लागतं. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगून दोन्ही औषधं वेगवेगळी करून घ्यावीत आणि कोणतं आधी, कोणतं नंतर कमी करायचं, ते ठरवून घ्यावं.

दुधाची भीती हे तर गोळ्या परस्पर बंद होण्याचं सर्वांत मोठं कारण. "तुझ्या दुधातून बाळाच्या पोटात जातंय" हे वाक्य ऐकून किती आयांनी त्याच रात्री गोळी टाकून दिली असेल! सर्ट्रालीन दुधात फार थोडं उतरतं आणि अंगावर पिणाऱ्या बाळांच्या रक्तात बहुतेक वेळा ते मोजण्याइतकंही सापडत नाही. म्हणूनच पाजणाऱ्या आयांसाठी डॉक्टर अनेकदा तेच निवडतात. बाळाच्या दृष्टीनं आईचं उपचाराविना राहणं हा जास्त मोठा धोका आहे.

मग सोडायच्या कधी? पूर्ण बरं वाटायला लागल्यानंतर किमान सहा महिने, बऱ्याचदा नऊ ते बारा महिने, त्याच डोसवर राहायचं, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. हे महिने गोळी सुरू केल्यापासूनचे नव्हेत, बरं वाटल्यापासूनचे. पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल तर मुदत आणखी वाढते. अमेरिकी अभिनेत्री ब्रुक शील्ड्स हिची हकिकत या बाबतीत बोलकी आहे. 2003 साली पहिल्या मुलीच्या जन्मानंतर तिला तीव्र नैराश्य आलं. औषधांनी बरं वाटू लागताच तिनं ती स्वतःच्या मनानं बंद केली, आणि त्याच आठवड्यात स्वतःच्या व बाळाच्या जिवावर बेतेल असे विचार तिच्या मनात आले. ती परत उपचारांकडे वळली, पुस्तक लिहिलं, जाहीरपणे बोलली. 2005 मध्ये टॉम क्रूझनं तिच्या गोळ्या घेण्यावर टीका केली तेव्हा तिनं वर्तमानपत्रात लेख लिहून त्याला उत्तर दिलं. पैसा, डॉक्टर, प्रसिद्धी सगळं हाताशी असलेल्या बाईची ही गत, तर तालुक्याच्या गावी महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरवर अवलंबून असलेल्या आईची काय होत असेल?

मुदत मोजायची ती केवळ कॅलेंडरवर नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला, 2002 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हे फार स्पष्ट दाखवतो. जिल्हा रुग्णालयात आलेल्या मातांपैकी 23 टक्क्यांना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य होतं आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. त्यांच्या आजाराशी जोडलेल्या गोष्टी होत्या गरिबी, नवऱ्याशी बिनसलेले संबंध आणि मुलगी झाल्याची नाराजी. गोळीनं मन सावरतं, पण घरातलं वातावरण बदलत नाही. बाई सासरी गेली, तिथे टोमणे सुरू झाले, नवरा परगावी, आणि नेमकी तेव्हाच गोळी बंद केली, तर ते किती टिकणार? सहाव्या महिन्यात नोकरीवर हजर होणं, बाळाचं अंगावरचं दूध तोडणं, घर बदलणं, यांतलं काही पुढ्यात असेल तर गोळी कमी करायचा मुहूर्त पुढे ढकलावा. दोन-तीन महिने आयुष्य त्यातल्या त्यात शांत जाणार आहे, अशी वेळ निवडावी.

एक रक्ततपासणीही या टप्प्यावर करून घ्यावी. बाळंतपणानंतरच्या वर्षात शंभरातल्या पाच ते दहा बायकांच्या थायरॉइड ग्रंथीला सूज येते. आधी धडधड, अस्वस्थता, आणि मग साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात थकवा, जडपणा, उदासी. गोळी कमी करण्याचा काळ आणि हा काळ सहज एकमेकांवर येतात. टीएसएच आणि हिमोग्लोबिन बघून ठेवलं की नंतरचा घोळ टळतो.

गोळी कमी केल्यावर जो त्रास होतो, तो औषध सुटण्याचा की आजार परतण्याचा, हे ओळखायचं कसं? मुख्य आधार वेळेचा आणि शरीराच्या लक्षणांचा. औषध सुटण्याचा त्रास डोस कमी केल्यापासून काही दिवसांतच सुरू होतो. गरगरणं, मळमळ, डोक्यातले विजेसारखे झटके, घाम, ठळक स्वप्नं अशी आजारात पूर्वी कधीच न जाणवलेली लक्षणं त्यात असतात. बहुतेकदा ती एक-दोन आठवड्यांत ओसरतात, काहींना मात्र जास्त काळ रेंगाळतात. आधीचा डोस परत सुरू केला तर एक-दोन दिवसांत फरक पडतो. आजार परततो तो सावकाश, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. कशातच रस वाटेनासा होतो, आपण वाईट आई आहोत असं मनात घोळत राहतं, बाळ झोपलं तरी झोप येत नाही. या वेळी साधी वही उपयोगी पडते. तारीख, डोस, झोप किती, चक्कर आली का, मन कसं होतं, रोज एक ओळ. तीन आठवड्यांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवली की निर्णय पाच मिनिटांत होतो.

आजार परतण्याची शक्यता खरी आहे, ती लपवू नये. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गोळ्या घेऊन बरे असलेल्या 478 लोकांचा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यांना बाळंतपणानंतरचंच नैराश्य होतं असं नाही, पण त्यातून अंदाज येतो. गोळ्या हळूहळू बंद केलेल्यांपैकी 56 टक्के वर्षभरात पुन्हा आजारी पडले, आणि चालू ठेवलेल्यांपैकी 39 टक्के. म्हणजे चालू ठेवूनही काहींना आजार परतला आणि बंद करूनही चाळिसाहून जास्त टक्के बरे राहिले. म्हणून हा काळ एकटीनं काढायचा नसतो. गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेनं गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन नैराश्य असलेल्या गरोदर बायकांकडे आणि नव्या आयांकडे पाठवण्याचा प्रयोग केला. या सख्या घरी जाऊन बोलत, नवऱ्याला आणि सासूलाही त्यात सामील करून घेत. गोळी सुटताना असा आधार फार मोलाचा. नवऱ्यानं रात्रीचं एक पाजणं वरच्या दुधावर किंवा काढून ठेवलेल्या दुधावर सांभाळलं आणि बायकोला सलग पाच तास झोप मिळाली, तर तीही मोठी मदत आहे. त्यासाठी त्याला गोळ्यांबद्दल माहीत मात्र हवं.

काही जणींनी गोळी कमी करण्याचा विचार विशेष सावधपणे, तज्ज्ञांच्या जवळच्या देखरेखीखालीच करायचा असतो. हजारात एक-दोघींना बाळंतपणानंतर भ्रम, भास, टोकाची उत्तेजना असा गंभीर आजार होतो. तो झालेल्या, बायपोलर विकार असलेल्या किंवा पूर्वी जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या बायका यात येतात. आणि कुणाच्याही मनात मरणाचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, तोवर तिला एकटं सोडायचं नाही. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. रुग्णालयात ठेवायची वेळ आली तर बाळ हिरावून घेतील, ही भीती अनेकींना गप्प ठेवते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करता येत नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवणारा खास विभाग 2009 पासून आहे.

राहिला दुसऱ्या बाळाचा प्रश्न. पाळी चुकल्याचं कळताच घाबरून गोळ्या टाकून देणाऱ्या बायका खूप. बोस्टनच्या ली कोहेन यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वारंवार नैराश्य येणाऱ्या ज्या गरोदर बायकांनी औषध थांबवलं त्यांच्यापैकी 68 टक्के गरोदरपणातच पुन्हा आजारी पडल्या. चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होतं. त्यामुळे गोळ्या कमी होत असताना गर्भनिरोधनाचा विषय काढणं, आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधीच मानसोपचारतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनाही भेटणं, शहाणपणाचं. पहिल्या वेळी कोणतं औषध लागू पडलं, किती डोसवर, किती दिवसांत सुटलं आणि कुठल्या पायरीवर त्रास झाला, हे लिहिलेली वही त्या वेळी बाळंतपणाच्या फायलीत सोनोग्राफीच्या रिपोर्टांबरोबर लावून ठेवायची.